इंग्रजीची प्रादेशिक रूपे आणि स्पेलिंगची निवड : लखनौच्या दाखल्यांवरून

इंग्रजीत एकाच शब्दाची दोन स्पेलिंगे समोर आली की त्यांपैकी एक बरोबर आणि दुसरे चूक असले पाहिजे, अशी समजूत मराठी शाळांतून शिकलेल्या वाचकाच्या मनात बहुधा पक्की असते, कारण शाळेत स्पेलिंग पाठ करून घेतले जाते आणि त्यामागचा देश, काळ व संस्था यांचा उल्लेख क्वचितच होतो. वस्तुतः इंग्रजीची ब्रिटिश, अमेरिकन, कॅनेडियन, ऑस्ट्रेलियन, भारतीय अशी प्रादेशिक रूपे आहेत. प्रादेशिक रूप म्हणजे एखाद्या भूभागातील शिक्षण, छपाई, कायदा आणि वर्तमानपत्रे यांनी मिळून स्थिर केलेली भाषेची घडण. म्हणून प्रबंध, अर्ज, पत्र किंवा शोधनिबंध इंग्रजीत लिहिणाऱ्याने प्रथम तो मजकूर कोणत्या संस्थेकडे व कोणत्या वाचकाकडे जाणार आहे हे निश्चित करावे आणि स्पेलिंगचा निर्णय त्यानंतर घ्यावा. पुढील विवेचनात रोमन अक्षरे त्यांच्या नावांनी, म्हणजे सी, के, झेड अशी, दिली आहेत.

या विषयासाठी लखनौ हे शहर विशेष उपयोगी पडते. 1856 मध्ये अवधचे राज्य कंपनी सरकारने खालसा केल्यावर तेथे ब्रिटिश कारभाराची इंग्रजी आली. 1870 मध्ये इझाबेला थोबर्न या अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी बाईंनी अमीनाबादेत मुलींची शाळा सुरू केली आणि तिचेच पुढे त्यांच्या नावाचे महाविद्यालय झाले. विसाव्या शतकात रेल्वे, औषधे आणि जीवाश्म यांवर संशोधन करणाऱ्या राष्ट्रीय संस्था तेथे उभ्या राहिल्या. आणि 1926 मध्ये विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून तेथे मॅरिस संगीत महाविद्यालय स्थापन झाले. या सर्वांच्या नावफलकांवर आणि कागदपत्रांत इंग्रजी स्पेलिंगचे वेगवेगळे थर आजही वाचता येतात.

ब्रिटिश आणि अमेरिकन लेखनातील फरकाचे मूळ दोन कोशांपाशी जाते. सॅम्युअल जॉन्सन यांचा इंग्रजी कोश 1755 मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला आणि त्याने 'कलर', 'ऑनर' यांसारख्या शब्दांच्या शेवटी ओ-यू-आर ही घडण रूढ ठेवली. नोआ वेब्स्टर यांनी 1806 मध्ये लहान आणि 1828 मध्ये मोठा अमेरिकन कोश काढला. त्यांनी या शब्दांतला यू काढला, 'सेंटर'च्या शेवटचा आर-ई उलटून ई-आर केला आणि 'डिफेन्स'मधल्या सी-च्या जागी एस घातला. नव्या राष्ट्राची स्वतःची भाषाव्यवस्था असावी ही त्यांची भूमिका होती. परंतु त्यांच्या सर्व सूचना अमेरिकनांनीही स्वीकारल्या नाहीत, आणि जिभेसाठी असलेल्या 'टंग' या शब्दाचे टी-यू-एन-जी असे सुटसुटीत रूप त्यांनी सुचवले असताही ते रुजले नाही. उलट जॉन्सन यांच्या कोशातील 'म्युझिक', 'पब्लिक' या शब्दांच्या अखेरचा जादा के दोन्ही देशांनी टाकून दिला. या स्थित्यंतराची खूण भारतातही सापडते : कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नावात 1784 मध्ये शेवटी के होता आणि 1825 मध्ये कोणताही औपचारिक ठराव न होता तो गळून पडला. स्पेलिंग छापखान्यांच्या आणि दप्तरांच्या सवयीने बदलते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

भारतीय इंग्रजी ब्रिटिश वळणाची आहे हे सर्वज्ञात आहे, परंतु ब्रिटिश वळण म्हणजे नेमके काय, याबाबत मोठा गैरसमज आढळतो. 'ऑर्गनायझेशन' हा शब्द झेडने लिहिला की तो अमेरिकन झाला असे सर्रास मानले जाते. प्रत्यक्षात ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या छापखान्याची परंपरा झेडचीच आहे, कारण या प्रत्ययाचे मूळ ग्रीक असून तेथे झेडचाच उच्चार होता असे तिचे समर्थन आहे. ब्रिटिश वर्तमानपत्रे आणि सरकारी कचेऱ्या मात्र एस वापरतात आणि भारत सरकारने तीच पद्धत घेतली. लखनौच्या मानकनगर भागात 1957 पासून असलेली रेल्वेची अभिकल्प व मानक संघटना आपल्या इंग्रजी नावात 'ऑर्गनायझेशन' एसने लिहिते, तसेच भारतीय अंतराळ संशोधन संघटनाही लिहिते. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या नावात झेड आहे, आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या नावात तर 'लेबर' ब्रिटिश पद्धतीने यूसह आणि 'ऑर्गनायझेशन' ऑक्सफर्ड पद्धतीने झेडसह असे दोन्ही एकत्र नांदतात. येथून दोन नियम निघतात. संस्थेचे नाव हे विशेषनाम असल्यामुळे ते तिने स्वीकारलेल्या स्पेलिंगमध्येच लिहावे आणि आपल्या मजकुराच्या पद्धतीशी जुळवण्यासाठी त्यात फेरफार करू नये. आणि आपल्या वाक्यांतील सामान्य शब्दांसाठी एस किंवा झेड यांपैकी एक पत्करून ते शेवटपर्यंत सांभाळावे. झेड पत्करणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की 'ॲडव्हर्टाइज', 'सुपरवाइज', 'सरप्राइज', 'एक्सरसाइज' हे शब्द कोणत्याही देशात एसनेच लिहिले जातात, कारण त्यांच्या शेवटी तो ग्रीक प्रत्यय नाही; आणि 'ॲनालाइज' हा शब्द ऑक्सफर्डही वाय-एस-ई असाच लिहिते, त्यात झेड घालणारे केवळ अमेरिकन लेखन आहे. भारतीय सरकारी, न्यायालयीन व शालेय लेखनासाठी एस हीच निवड अधिक सोयीची ठरते, कारण ज्या अधिनियमांतून व परिपत्रकांतून वारंवार उतारे द्यावे लागतात त्यांच्याशी ती बहुतांशी जुळते.

विज्ञानातील स्पेलिंगचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आणि म्हणून अधिक विचार करण्याजोगा आहे. लखनौ विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक असलेले बिरबल साहनी यांनी 1946 मध्ये पुरावनस्पतिशास्त्राची, म्हणजे खडकांत जतन झालेल्या प्राचीन वनस्पतींच्या अभ्यासाची, संस्था स्थापन केली. तिच्या इमारतीची कोनशिला 3 एप्रिल 1949 रोजी जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते बसवली गेली आणि त्यानंतर आठवडाभरातच साहनी निवर्तले. या संस्थेच्या इंग्रजी नावातील 'पॅलिओ' या पूर्वपदात पी-ए-एल नंतर ए आणि ई ही जोडी आहे. प्राचीन या अर्थाच्या ग्रीक शब्दातील ए-आय हा जोडस्वर लॅटिनमध्ये ए-ई झाला, ब्रिटिश लेखनाने तो तसाच राखला आणि अमेरिकन लेखनाने त्यातला ए गाळून नुसता ई ठेवला. संस्थेचे नाव पुढे व्यापक होऊन पुराविज्ञान संस्था असे झाले तरी ए-ई ही जोडी कायम राहिली, आणि 1952 पासून निघणाऱ्या तिच्या नियतकालिकाच्या नावातही ती आहे. या विषयावर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला रोज ज्या दोन नियतकालिकांचे दाखले द्यावे लागतात त्यांपैकी ब्रिटिश पुराजीवशास्त्र संघटनेच्या नियतकालिकाच्या नावात ए-ई असते आणि अमेरिकन संघटनेच्या नियतकालिकाच्या नावात केवळ ई. विद्यार्थ्याने आपल्या मजकुरात एक पद्धत धरावी, पण संदर्भसूचीतील ग्रंथांची, लेखांची व नियतकालिकांची नावे मुखपृष्ठावर जशी छापली आहेत तशीच उतरवावीत; सूची एकसारखी दिसावी म्हणून त्यांतली स्पेलिंगे सुधारणे हा संशोधनातील गंभीर दोष आहे, कारण त्या नावाने शोध घेणाऱ्या पुढच्या अभ्यासकाला मूळ लेख सापडत नाही.

वैद्यकात हाच फरक शब्दाचे वर्णक्रमातील स्थानच बदलून टाकतो. अन्ननलिकेसाठी असलेला इंग्रजी शब्द ब्रिटिश पद्धतीत ओ-ई या जोडीने सुरू होतो व अमेरिकन पद्धतीत ईने, त्यामुळे छापील सूचीत तो दोन टोकांना सापडतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने वैद्यकीय लेखांच्या वर्गीकरणासाठी केलेली विषयशब्दांची यादी अमेरिकन स्पेलिंगमध्ये असल्यामुळे 'ॲनिमिया', 'पीडिॲट्रिक्स' अशा शब्दांचा शोध घेताना दोन्ही रूपे देणे आवश्यक असते. भारतीय वैद्यक संस्थांतही एकवाक्यता नाही : 1963 मध्ये स्थापन झालेल्या इंडियन ॲकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्सने आपल्या नावात अमेरिकन रूप घेतले, तर इंडियन ऑर्थोपीडिक असोसिएशनने ए-ई ही जोडी ठेवली. त्याशिवाय 'फीटस' या शब्दाला ओ-ई लावणे म्हणजे शुद्ध ब्रिटिश लेखन ही समजूतही टिकत नाही, कारण लॅटिन मूळ शब्दात ओ नाही आणि ब्रिटिश वैद्यकीय लेखनही आज एकट्या ईलाच पसंती देते.

रसायनशास्त्राने मात्र देशापेक्षा आंतरराष्ट्रीय संमतीला महत्त्व दिले. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत, जिचे काम 1951 मध्ये छतर मंझिल या नवाबी वास्तूत सुरू झाले, किंवा अशा कोणत्याही प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला हे माहीत असावे लागते की शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने गंधकासाठी एफ असलेले रूप 1990 मध्ये मान्य केले आणि पी-एच असलेले जुने ब्रिटिश रूप मागे पडले. त्याच संघाने ॲल्युमिनियममधला दुसरा आय आणि सीझियममधली ए-ई ही जोडी मात्र ब्रिटिश पद्धतीप्रमाणे राखली. म्हणून शोधनिबंधात मूलद्रव्यांची नावे संघाच्या यादीप्रमाणे लिहावीत, जरी बाकीचा मजकूर ब्रिटिश किंवा अमेरिकन असला तरी. शालेय पुस्तकातील पी-एचचे रूप वापरणाऱ्या विद्यार्थ्याला त्यासाठी दोष देण्याचे मात्र कारण नाही.

कचेरीतील लेखनात काही शब्दांचे स्पेलिंग अर्थावर अवलंबून असते आणि तेथे संगणकाच्या साहाय्याने सरसकट बदल केल्यास नुकसान होते. भारतीय व ब्रिटिश लेखनात परवाना या अर्थाचे नाम सीने आणि परवाना देणे हे क्रियापद एसने लिहितात, तर अमेरिकन लेखनात दोन्हीकडे एस असतो; 'प्रॅक्टिस'चे नाम व क्रियापद ब्रिटिश पद्धतीत असेच वेगळे असून अमेरिकनांनी त्यात दोन्हीकडे सी ठेवला आहे. लांबीचे एकक असलेला मीटर आर-ईने आणि विजेचा मीटर ई-आरने लिहावा लागतो. दूरदर्शनवरील कार्यक्रमाला दोन एम आणि ई, पण संगणकाच्या आज्ञावलीला एकच एम. धनादेशाचे सी-एच-ई-क्यू-यू-ई हे रूप 1881 च्या परक्राम्य संलेख अधिनियमातच असल्यामुळे भारतात त्याला पर्याय नाही. न्यायालयीन निकालासाठी असलेला 'जजमेंट' हा शब्द सामान्य ब्रिटिश लेखनात जी-नंतर ई घेऊन येतो, परंतु कायद्याच्या भाषेत तो ई गाळलेला असतो. दिवाणी प्रक्रिया संहितेत व उच्च न्यायालयांच्या कागदपत्रांत तसेच लिहिले जाते, म्हणून लखनौ खंडपीठापुढील कागदपत्रांचा अनुवाद करणाऱ्याने तेच रूप वापरावे.

यापुढचा आणि मराठी वाचकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग भारतीय नावांचा आहे. इंग्रजांनी प्रथम स्थलनामे कानाला ऐकू आली तशी लिहिली : ऱ्हस्व अ-साठी यू, ई-साठी दोन ई, ऊ-साठी दोन ओ. लखनौच्या इंग्रजी नावातील एल-नंतरचा यू त्याच काळातला आहे. विल्यम जोन्स यांनी 1788 मध्ये आणि पुढे विल्यम विल्सन हंटर यांनी लिप्यंतराची, म्हणजे एका लिपीतील वर्ण दुसऱ्या लिपीत ठरावीक नियमाने उतरवण्याची, पद्धत मांडली. हंटर यांच्या नियमांनी लखनौचे रूप एल-ए-के-एच-एन-ए-यू असे झाले असते; परंतु जी नावे इंग्रजीत आधीच रूढ झाली होती ती त्यांनी तशीच राहू दिली, आणि म्हणून लखनौ जुन्या रूपात टिकले. सी-ए-डब्ल्यू-एनने सुरू होणारे कानपूर स्वातंत्र्यानंतर के-ए-एनने सुरू झाले, पूनाचे पुणे झाले, परंतु लखनौला हात लागला नाही. अवध या नावाची तर तीन रूपे एकाच प्रदेशात प्रचलित आहेत : लखनौच्या उच्च न्यायालयातील वकील संघटना आजही ओ-यू-डी-एच हे वसाहतकालीन रूप वापरते, अयोध्येतील राममनोहर लोहिया विद्यापीठाच्या नावात व्ही आहे, आणि इतिहासाच्या अलीकडच्या पुस्तकांत बहुधा डब्ल्यू आढळतो. तिन्ही आपापल्या जागी योग्य आहेत, आणि संघटनेचे नाव लिहिताना ओ-यूच्या जागी ए-डब्ल्यू घालणारा लेखक तिचे नाव चुकवतो.

हिंदी व मराठी यांतील वर्णभेदही रोमन लेखनात उतरतात. लखनौच्या प्रसिद्ध मोठ्या इमामबाड्याच्या नावात हिंदीतील नुक्ता असलेला ड जुन्या पद्धतीप्रमाणे आरने लिहिला जातो, त्यामुळे मराठी वाचक ते 'बारा इमामबारा' असे वाचतो आणि बारा या संख्येशी त्याचा संबंध जोडतो. त्याच शहरातील ज्येष्ठ महिन्यातील 'बडा मंगल' या उत्सवाचे नाव मात्र आज पुष्कळदा डीने छापले जाते. हिंदी भाषक 'ज्ञ' जी-वायने लिहितात आणि मराठी भाषक डी-एन-वायने, कारण दोघांचा उच्चारच वेगळा आहे, तर ज्ञानपीठ पुरस्काराच्या नावात जे-एन हे संस्कृतानुसारी रूप आहे. उत्तर प्रदेशात 'पांडे', 'दुबे' या आडनावांच्या शेवटी ई-वाय लावण्याची रीत आहे, महाराष्ट्रात देशपांडे, भावे, गोरे या आडनावांच्या शेवटी नुसता ई येतो. लखनौत नोकरी किंवा शिक्षण करणाऱ्या ज्ञानेश्वर किंवा देशपांडे नावाच्या मराठी माणसाने तेथील लिपिकाच्या सवयीपुढे मान तुकवून आपले नाव बदलू देऊ नये. डी-एन-वाय हे मराठी उच्चाराला धरून आलेले, 1842 मध्ये अहमदनगरात निघालेल्या 'ज्ञानोदय' या पत्राच्या रोमन नावातही दिसणारे रूप आहे आणि ते टिकवण्यासारखे आहे.

संगीताच्या अभ्यासकाला 'राग', 'ख्याल', 'ठुमरी' या प्रत्येक शब्दाची दोन-तीन रोमन रूपे भेटतात. भातखंडे यांच्या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या लखनौच्या विद्यापीठात प्रबंध सादर करणाऱ्याने आरंभीच्या टिपेत आपण कोणते रूप का घेतले हे एकदा सांगावे, आणि संस्थांची नावे मात्र मूळ रूपात ठेवावीत. संगीत नाटक अकादमी व साहित्य अकादमी यांच्या नावात सी नसून के आणि शेवटी वायच्या जागी आय आहे, ही त्यांची अधिकृत निवड आहे. हेच भौगोलिक उपदर्शनाला, म्हणजे एखाद्या प्रदेशाशी जोडलेल्या मालाच्या कायदेशीर नोंदणीला, लागू पडते. 2008 मध्ये नोंदणी झालेल्या लखनौच्या भरतकामाचे नाव सी-एच-आय-के-ए-एन असे आहे. देवनागरीत ते आणि कोंबडीचे मांस यांत फरक दिसत नाही, पण रोमनमध्ये आहे, आणि संगणकाची आपोआप दुरुस्ती तो क्षणात पुसून टाकते. अशा मजकुराची जाहिरात किंवा पावती छापण्यापूर्वी हा शब्द डोळ्यांनी तपासणे अनिवार्य आहे. उलट पायजमा हा फारसीतून आलेला शब्द इंग्रजीने पूर्णपणे आपलासा केला असल्यामुळे त्याच्या बाबतीत प्रादेशिक नियम चालतो : ब्रिटिश व भारतीय लेखनात पी-नंतर वाय, अमेरिकन लेखनात ए.

जुन्या कागदपत्रांचा शोध घेणाऱ्याने आजची स्पेलिंगे काही काळ बाजूला ठेवावीत. 1916 च्या लखनौ काँग्रेसमधील लोकमान्य टिळकांच्या सहभागाविषयी समकालीन इंग्रजी वृत्तपत्रे धुंडाळताना पुण्याचे व अवधचे जुने रूप, आणि मराठ्यांसाठी एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए हे रूप शोधावे लागते, जे 1881 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या टिळकांच्या इंग्रजी पत्राच्या नावातच आहे. शिंदे घराण्यासाठी एस-सी-आयने सुरू होणारे आणि गायकवाडांसाठी ए-ई असलेले रूप याच प्रकारात मोडते. उतारा देताना ती रूपे तशीच ठेवावीत व स्वतःच्या वाक्यात आजचे नाव वापरावे.

परदेशातील मराठी कुटुंबांना याहून वेगळी अडचण येते. कॅनडात 'कलर'मध्ये यू आणि 'सेंटर'मध्ये आर-ई ब्रिटिश पद्धतीचे, पण चाकाच्या टायरला आय अमेरिकन पद्धतीचा. ऑस्ट्रेलियात 'लेबर' हा सामान्य शब्द यूसह लिहिला जातो, मात्र त्या नावाच्या राजकीय पक्षाने 1912 पासून यू टाकलेला आहे. तेथील शाळेत जाणाऱ्या मुलाच्या वहीतील अशी रूपे भारतातील आजीआजोबांनी चूक म्हणून खोडू नयेत.

संगणकावर काम करताना मजकुराची भाषा प्रथम 'इंग्रजी (भारत)' किंवा संपादकाने मागितलेली असेल ती निवडावी, कारण अनेक यंत्रांवर मुळात अमेरिकन इंग्रजी लावलेली असते आणि शुद्ध भारतीय लेखनाखालीही लाल रेघा उमटतात. स्थलनामे, व्यक्तिनामे व संस्थांची नावे यंत्राच्या वैयक्तिक शब्दसूचीत आरंभीच भरावीत. 'चाळ', 'डबा', 'हरताळ' असे शब्द ऑक्सफर्डच्या विद्यार्थी कोशाच्या 2020 च्या आवृत्तीत आलेले असल्यामुळे त्यांना तिरक्या अक्षरांत घालून परके ठरवण्याची आता गरज राहिलेली नाही. 'सर्वत्र बदला' ही आज्ञा अवतरणे, संदर्भसूची आणि विशेषनामे वगळूनच द्यावी.

व्यक्तीच्या स्वतःच्या नावाबाबत जन्मदाखला, शालान्त प्रमाणपत्र, आधार आणि पारपत्र यांतील अक्षरे एकमेकांशी ताडून पाहावीत आणि फरक आढळल्यास प्रवेशाची किंवा नोकरीची मुदत जवळ येण्याआधीच तो दूर करावा. प्रतिज्ञापत्र आणि आवश्यक तेथे राजपत्रातील प्रसिद्धी हा त्याचा रीतसर मार्ग आहे. संशोधकाने पहिल्या शोधनिबंधावर जे रूप छापले तेच पुढील सर्व लेखांवर ठेवावे, कारण उद्धरणांच्या सूचीत व्ही आणि डब्ल्यू यांच्या फरकाने एकाच विश्वनाथाचे दोन लेखक होतात आणि त्यांचे काम एकत्र मोजले जात नाही.